सेंट थॉमस, नेवाडा: दोनदा उठलेलं गाव आणि त्याची हलवलेली दफनभूमी

थोडक्यात प्रकरण

सेंट थॉमस हे अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातलं एक गाव, म्हणजे होतं. लास व्हेगासपासून गाडीने तास-दीड तासावर, मडी नदी व्हर्जिन नदीला मिळायची त्या संगमाजवळ १८६५ मध्ये ते वसलं, १८७१ मध्ये एक कुटुंब सोडून सगळं गाव उठून गेलं, १८८० च्या दशकात परत वसलं आणि १९३८ मध्ये हूवर धरणाच्या पाण्याखाली गेलं. दफनभूमी मात्र बुडाली नाही, ती पाणी यायच्या आधीच उकरून वरच्या अंगाला ओव्हरटन गावी हलवली. आता गेली वीसेक वर्षं त्या धरणामागचं लेक मीड सरोवर आटलंय म्हणून गाव परत उघडं पडलंय, पाये दिसतात, पायऱ्या दिसतात, पाण्याच्या टाक्या दिसतात, फक्त ज्यांनी ते वसवलं त्यातले जे तिथेच मेले ते आता तिथे नाहीत.

सगळीकडे या गावाची गोष्ट "धरणात बुडालेलं गाव" एवढीच सांगतात. मला त्यात धरणापेक्षा १८७१ ची भानगड जास्त महत्त्वाची वाटते, आणि माझं म्हणणं असं की तेव्हा गावाने जे ठरवलं त्याचा परिणाम साठ-पासष्ट वर्षांनी थडगी हलवताना झाला असणार. ते कसं ते पुढे येईलच. साध्या रहिवाशांची नावं मुद्दाम घेतली नाहीयेत, जी माणसं इतिहासात नोंदलेलीच आहेत तेवढीच नावाने येतील.

पार्श्वभूमी

१८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं आणि दक्षिणेकडचा कापूस बंद झाला होता. यूटातल्या सॉल्ट लेक सिटीत बसलेल्या, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या चर्चचा प्रमुख ब्रिगहॅम यंग याला आपल्या लोकांचं कशासाठीच बाहेर अडू नये असं वाटायचं, त्यामुळे कापूसही आपणच पिकवायचा असं ठरलं आणि दक्षिण यूटात व त्याच्याही खाली कुटुंबं पाठवायला सुरुवात झाली. ही कुटुंबं आपल्या हौसेने गेलेली नव्हती बरं का. चर्चकडून नाव पुकारलं गेलं की बैलगाडी भरायची आणि निघायचं, असा मामला. थॉमस स्मिथ नावाच्या माणसाच्या नेतृत्वाखाली पहिली तुकडी जानेवारी १८६५ मध्ये मडी नदीच्या खोऱ्यात पोचली आणि गावाला त्याचंच नाव पडलं.

दुसरं कारण होतं बोटी. कोलोराडो नदीतून वाफेच्या बोटीने माल वर आणायचा आणि तिथून गाड्यांनी यूटात न्यायचा अशी योजना होती, त्यासाठी १८६४ च्या डिसेंबरात जवळच कॉलव्हिल नावाचं बंदरही उभं केलं होतं. पण १८६९ मध्ये अमेरिकेच्या दोन टोकांना जोडणारी रेल्वे यूटातच येऊन जुळली आणि नदीमार्गाची गरजच संपली. म्हणजे गावाला जेमतेम चार वर्षं झाली तोच ते वसवण्याच्या दोन कारणांपैकी एक गेलं होतं. यादवी युद्ध तर १८६५ मध्येच संपलं, म्हणजे दुसरं कारणही लंगडं झालेलं.

आणि जागा कशी, तर उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर, मातीच्या कच्च्या विटांची घरं, कालवे खणले की वाळूने भरायचे, नदीकाठच्या दलदलीमुळे डास आणि हिवताप. कापूस मात्र खरंच यायचा. गहूसुद्धा यायचा. लोकांनी झाडं लावली, पाट काढले, शाळा काढली, आणि अर्थातच माणसं मेली तशी गावाबाहेर दफनभूमीही झाली. नव्या वस्तीत पहिल्या काही वर्षांत मरणारे बहुतेक लहान मुलं आणि बाळंतिणी असायच्या, ते इथेही वेगळं असायचं कारण नाही.

एक गोष्ट विसरली जाते की हे खोरं रिकामं नव्हतं. पायूट हे तिथले मूळ रहिवासी मडीच्या पाण्यावर आधीपासून शेती करत होते. नव्या लोकांनी पाट काढले ते त्यांच्याच पाण्यावर.

पहिली अडचण: गाव नक्की कुठल्या राज्यात?

इथे जरा सावकाश जाऊ कारण सगळी गुंतागुंत इथेच आहे.

गाव वसलं तेव्हा वसवणाऱ्यांच्या डोक्यात आपण यूटाचेच होतो. कागदावर ती जागा ॲरिझोना टेरिटरीत, म्हणजे अजून राज्य न झालेल्या प्रदेशात होती. ॲरिझोनाने १८६५ च्या शेवटी तिथे पाह-यूट काउंटी नावाचा जिल्हा काढला आणि पुढे त्याचं मुख्य ठिकाण चक्क सेंट थॉमसला आणलं. तिकडे वॉशिंग्टनमध्ये मे १८६६ मध्ये काँग्रेसने कायदा करून नेवाडा राज्याची पूर्व सीमा एक रेखांश पुढे सरकवली आणि त्यासोबत दक्षिणेचा हा तुकडाही नेवाडाला देऊन टाकला. ॲरिझोनाने आरडाओरड केली, पण तोपर्यंत नेवाडाच्या विधिमंडळाने जानेवारी १८६७ मध्ये तो पदरात पाडून घेतला होता. ॲरिझोना तरी काही वर्षं या भागातले प्रतिनिधी आपल्या सभागृहात बसवतच राहिलं. आणि यूटाने १८६९ मध्ये याच खोऱ्यासाठी रिओ व्हर्जिन नावाची आपली वेगळी काउंटी जाहीर केली. म्हणजे एक गाव आणि त्यावर हक्क सांगणारी तीन सरकारं!

नवीन सीमा कायद्यात कशी लिहिली होती तर "वॉशिंग्टनपासून पश्चिमेला ३७ वा रेखांश". वाळवंटात उभं राहून हा रेखांश कुठून जातो हे कोण सांगणार. जमिनीवर मोजणी झालीच नव्हती. ती झाली १८७० मध्ये, आणि त्यात स्पष्ट झालं की मडी खोऱ्यातली वसाहत नेवाडातच आहे.

मग नेवाडाची लिंकन काउंटी कर मागायला आली. नुसता चालू वर्षाचा नाही, मागचा थकलेला पण, आणि तोही नाण्यांत, सोन्या-चांदीच्या. नेवाडा हे खाणींचं राज्य, तिकडे चांदी जमिनीतून निघायची, त्यांना त्यात काही विशेष वाटलं नसणार. इकडे गावात सगळा व्यवहार धान्य देऊन कापड घे, कापूस देऊन पीठ घे असा चालायचा, नाणं बघायलाही मिळायचं नाही. शिवाय लोकांनी या काळात यूटाकडे कर भरलेला होता, तो परत कोण देणार?

पर्याय काय होते

पहिला पर्याय म्हणजे भरून टाकायचा, पण नाणी आणायची कुठून. कापूस आणि धान्य खाणींच्या गावांत नेऊन रोख विकता आलं असतं, ते काही घरांनी थोडंफार केलंही असेल, पण अख्ख्या वसाहतीची थकबाकी त्यातून निघणं कठीणच होतं.

दुसरा, अर्ज-विनंत्या. त्या केल्या. मागची थकबाकी माफ करा, आम्हाला सांभाळून घ्या अशा मागण्या सरकारांकडे गेल्या. उपयोग झाला नाही.

तिसरा, कोर्टात भांडायचं की आम्ही दुसऱ्या सरकारला आधीच भरलंय. याचा कोणी गंभीरपणे विचार केल्याचं दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हाच्या मॉर्मन लोकांचा बाहेरच्या कोर्टांवर विश्वासही नव्हता, त्यांचं केंद्र सरकारशी बहुपत्नीत्वावरून आधीच वाजलेलं होतं.

चौथा, निघून जायचं.

यातली खरी गोम अशी की ब्रिगहॅम यंग स्वतः १८७० च्या मार्चमध्ये हे खोरं बघून गेला होता आणि त्याला ते फारसं आवडलं नव्हतं. ज्याच्या सांगण्यावरून आपण आलो त्यालाच जागा पटली नाही हे कळल्यावर गावाचं मन आधीच निम्मं उठलं असणार. डिसेंबर १८७० मध्ये त्याचं पत्र आलं, त्यात निर्णय लोकांवर सोडला होता पण सूर असा की गेलात तरी हरकत नाही. मतदान झालं. डॅनियल बोनेली आणि त्याची बायको सोडून बाकी सगळ्यांनी "जायचं" म्हणून हात वर केला.

मला इथे नेहमी प्रश्न पडतो की हे मतदान कराबद्दल होतं की थकव्याबद्दल. कर हे कारण सांगायला सोपं होतं, इज्जत राखून निघता येत होतं. ऊन, डास, वाळू आणि पुरलेली मुलं ही कारणं कोणी बैठकीच्या इतिवृत्तात लिहीत नाही.

काय केलं

१८७१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गाड्या भरून लोक निघाले. घरं, पाट, झाडं, उभी पिकं सगळं सोडून. बरेच जण यूटातल्या लाँग व्हॅलीत गेले, तिथे पुढे ऑर्डरव्हिल नावाचं गाव निघालं आणि सगळी मालमत्ता सामाईक ठेवण्याच्या प्रयोगासाठी ते गाजलं. त्या प्रयोगातले पुष्कळ लोक मडीवरून उठून गेलेलेच होते. आधी सगळं गमावलेल्या माणसांना सामाईक संसाराची भीती कमी वाटत असावी, पण ते जाऊदे, तो वेगळा विषय.

बोनेली राहिला. आणि राहून त्याचं वाईट काही झालं नाही! पुढे तो खालच्या बाजूला, व्हर्जिन नदी कोलोराडोला मिळते तिथे रिओव्हिल नावाच्या ठिकाणी गेला, नदी पार करून देणारी बोट चालवली, खाणीवाल्यांना भाजीपाला आणि मीठ विकलं. म्हणजे पर्याय एक अगदीच अशक्य नव्हता, निदान एका कुटुंबाला तरी जमला.

रिकाम्या खोऱ्यात १८७३ मध्ये सरकारने पायूट लोकांसाठी मोआपा राखीव क्षेत्र जाहीर केलं, सुरुवातीला प्रचंड मोठं, आणि दोनच वर्षांत ते हजार एकरांवर आणलं. १८८० पासून मॉर्मन कुटुंबं हळूहळू परत यायला लागली, काही जुनी पण बरीचशी नवीन.

आणि दफनभूमी? ती इतकी वर्षं तशीच पडून. इथेच माझा मुद्दा आहे. त्या काळात अशा गावांत दगडी थडगं परवडायचं थोड्यांनाच, बाकीच्यांना लाकडी पाटी नाहीतर नुसता दगडांचा ढीग. वाळवंटी उन्हात लाकडावरचं नाव किती दिवस टिकणार? गावात माणसं असती तर कोणीतरी दर वर्षी पाटी नीट केली असती, "हे आमच्या धाकट्याचं" असं नातवंडांना दाखवलं असतं. १८७१ ला ती साखळीच तुटली. जे परत आले त्यांच्यातल्या कित्येकांना पहिल्या सहा वर्षांत कोण कुठे पुरलंय हे माहीत असण्याचं कारण नव्हतं, ज्यांना माहीत होतं ते यूटात दोन-अडीचशे किलोमीटरवर. हा माझा अंदाज आहे, पण त्याशिवाय दुसरं काही झालं असेल असं वाटत नाही.

मधली बरी वर्षं

यावर फार वेळ घालवत नाही. १९१२ मध्ये रेल्वेचा फाटा गावापर्यंत आला. मग मोटारी आल्या, सॉल्ट लेकहून लॉस एंजेलिसला जाणारा ॲरोहेड ट्रेल गावातून जायला लागला, त्यामुळे हॉटेल, गॅरेज, आइसक्रीमचं दुकान सगळं झालं. भर उन्हात शेकडो मैल आलेल्या माणसाला सेंट थॉमसमध्ये आइसक्रीम मिळायचं, आणि आज त्याच आइसक्रीमच्या दुकानाची चिमणी अवशेषांमध्ये सगळ्यात उंच उभी आहे. १९२० च्या दशकात मोठा रस्ता दुसरीकडून वळवला आणि गाव परत सुस्तावलं. धरणाच्या आधीच हा फटका बसला होता हे लक्षात ठेवा, कारण नुकसानभरपाई ठरवताना उतरतीला लागलेल्या गावाची किंमत उतरलेलीच धरतात.

दुसरी अडचण: बुडीत क्षेत्र

१९२२ मध्ये कोलोराडो नदीच्या पाणीवाटपाचा करार झाला, त्यावर नेवाडातर्फे सही केली जेम्स स्क्रूगम या इंजिनिअरने. डिसेंबर १९२८ मध्ये धरणाचा कायदा झाला, १९३१ ला काम सुरू आणि १ फेब्रुवारी १९३५ ला बोगद्याचं दार बंद करून पाणी अडवायला सुरुवात. मग सरोवर वर चढत चढत सेंट थॉमसला पोचायला १९३८ उजाडलं.

गावकऱ्यांपुढे या वेळी मतदान नव्हतं. सरकार जमीन विकत घेणार हे ठरलेलं, प्रश्न फक्त भावाचा आणि कधी निघायचं याचा. मोबदला कमी दिला अशी तक्रार होती, ती कुठल्या धरणात नसते. पण त्याहून गंमत म्हणजे बऱ्याच जणांना पाणी इथपर्यंत येईल हेच खरं वाटत नव्हतं. धरण किती लांब, मध्ये एवढी दरी, आणि आपलं गाव तर वाळवंटात! एक जण तर ११ जून १९३८ पर्यंत राहिला, पाणी दाराशी आलं तेव्हा होडीत बसून निघाला. त्याच सुमारास पोस्ट ऑफिसही बंद झालं, शेवटच्या दिवसाचा शिक्का हवा म्हणून लांबलांबच्या हौशी लोकांनी पाकिटं पाठवली होती. गावाच्या शेवटच्या दिवसावर हक्क सांगणारे जास्तीत जास्त लोक गावात कधी आलेही नव्हते.

दफनभूमीचा निर्णय

जिवंत माणसं स्वतः निघू शकतात, मेलेल्यांना कोणीतरी न्यावं लागतं, त्यामुळे हा निर्णय पाणी येण्याच्या पुरेसा आधी घ्यावा लागला. पर्याय तसे तीनच होते. तसंच पाण्याखाली जाऊ द्यायचं. वरून काँक्रीट टाकून, फलक लावून तिथेच ठेवायचं. किंवा उकरून हलवायचं. तिसरा निवडला आणि थडगी ओव्हरटनला नेली. तेव्हाच्या लोकांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं, कारण आईबापांच्या थडग्यावरून मोटरबोटी जाणार ही कल्पना कोणाला सहन होईल.

पण उकरणं म्हणजे काय ते जरा जवळून बघा. साठ-सत्तर वर्षांनी कोरड्या वाळूत पेटी बहुतेक कुजलेली असते, खिळे उरतात, कडीचा तुकडा, गुंडी, काही हाडं. लहान बाळाचं तर काहीच उरत नाही, फक्त मातीचा रंग थोडा वेगळा, आणि तो रंग ओळखायला सवयीचा हात लागतो, घाईत फावडं मारलं की गेलं. म्हणून अशा स्थलांतरात जिथे दगड आहे, नाव आहे, नातेवाईक येऊन उभा राहतो, ते नीट होतं. जिथे यातलं काही नाही ते सापडलं तर सापडलं.

आणि कोणाच्या थडग्यांना दगड, नाव आणि नातेवाईक या तिन्ही गोष्टी असण्याची शक्यता सगळ्यात कमी? १८६५ ते १८७१ मध्ये मेलेल्यांच्या. म्हणजे ज्यांच्यामुळे त्या जागेला पायोनियर दफनभूमी म्हणायचं, नेमके तेच. म्हणून म्हणतो की डिसेंबर १८७० चं मतदान इथे परत येतं.

खोऱ्यातले आणखी मेलेले

हा भाग अशा लेखांत शेवटी एका ओळीत उरकतात, मला तो प्रकरणाचा गाभा वाटतो.

मडीच्या खोऱ्यात मॉर्मन आणि आजच्या पायूटांच्या आधी प्युएब्लो संस्कृतीचे लोक राहत होते, साधारण इ.स. ११५० पर्यंत. मातीची घरं, मक्याची शेती, मिठाच्या खाणी, आणि वस्ती नदीकाठाने तीसेक मैल पसरलेली. १९२४ मध्ये खोऱ्यातल्या दोघा भावांनी हे अवशेष दाखवले, कोणाला तर स्क्रूगमलाच, तो तेव्हा नेवाडाचा गव्हर्नर झाला होता. त्याने मार्क हॅरिंग्टन या पुरातत्त्वज्ञाला बोलावलं, खोदकाम सुरू झालं, जागेला "लॉस्ट सिटी" नाव पडलं, टुरिस्ट यावेत म्हणून १९२५ मध्ये तिथे मोठा सोहळाही झाला. ज्या माणसाने पाणीवाटपाच्या करारावर सही केली त्यानेच बुडणाऱ्या जागेचं खोदकाम सुरू केलं, यात मला ढोंग दिसत नाही, तो इंजिनिअर होता आणि त्याला दोन्ही गोष्टी कामंच वाटत असाव्यात.

धरण नक्की झाल्यावर घाई झाली. १९३३ ते ३५ मध्ये सरकारी रोजगार योजनेतले तरुण पोरगे हॅरिंग्टनच्या हाताखाली पाण्याशी शर्यत लावून खणत होते. त्यात घरं निघाली, मडकी निघाली आणि दफनंही निघाली. १९३५ मध्ये ओव्हरटनला म्युझियम उघडलं, ते आजही लॉस्ट सिटी म्युझियम म्हणून चालू आहे.

आता हे दोन्ही शेजारी ठेवून बघा. एकाच खोऱ्यातून, त्याच धरणासाठी, त्याच काळात दोन प्रकारचे मेलेले लोक बाहेर काढले. एकांना नातेवाईकांसमोर परत मातीत ठेवलं. दुसऱ्यांना नमुने म्हणून नोंदवलं. नियम असा नव्हताच की कोणाला काय करायचं, ज्याच्या मागे विचारणारं कोणी आहे तो माणूस आणि बाकीचे अभ्यासाचा विषय, एवढाच न लिहिलेला नियम. मूळ रहिवाशांच्या अवशेषांबद्दल त्यांच्या वंशजांना विचारलं पाहिजे असं सांगणारा केंद्रीय कायदा यायला १९९० उजाडलं.

परिणाम

१९४१ ला सरोवर भरलं. सगळ्यात जास्त पाणी असताना गाव साठेक फूट खाली होतं. मधे दुष्काळात आणि वरच्या अंगाला लेक पॉवेल हे दुसऱ्या धरणाचं सरोवर भरत असताना ते अधूनमधून वर डोकावलं, आणि २००२ पासून जे उघडं पडलंय ते आजतागायत. जुलै २०२२ मध्ये लेक मीडची पातळी १,०४० फुटांवर गेली होती, पूर्ण भरलेलं सरोवर १,२२० च्या आसपास असतं, यावरून कल्पना करा.

आता नॅशनल पार्क सर्व्हिसने तिथे साधारण अडीच मैलांची पायवाट केली आहे. मी तिथे चाललोय, नोव्हेंबरातसुद्धा टोपीशिवाय नको. वाट मिठाच्या पापुद्र्याने पांढरी, पायाखाली करकर वाजते, आणि वाळवंटात सगळीकडे शिंपल्या पडलेल्या, त्यामुळे आधी डोकं चालत नाही. दोन्ही बाजूंना टॅमॅरिस्कची झुडपं डोक्याच्या वर. शाळेच्या पायऱ्या नीट आहेत, त्या चढून वर गेलं की शाळा नाही. रस्त्याच्या कडेला झाडांचे बुंधे ओळीत उभे आहेत, त्या ओळीवरून गावाचे रस्ते कळतात, नकाशा लागत नाही. टाक्यांमध्ये वाकून बघू नका, कडा ढिसूळ आहेत. माझ्याबरोबर आलेल्या पोरांनी पहिला प्रश्न विचारला की दफनभूमी कुठंय, तर ती दाखवायला गाडीत बसून ओव्हरटनला जावं लागतं, आणि ते बहुतेक लोक जात नाहीत.

म्हणजे निकाल असा लागला की जे वाचवायचं म्हणून सगळ्यात जास्त खटपट केली ते गावापासून कायमचं वेगळं झालं, आणि जे गेलंच म्हणून सोडून दिलं ते परत आलं. १९३५ मध्ये हे कोणाच्याच डोक्यात येणं शक्य नव्हतं, सरोवर कायमचं राहील हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. १९२२ च्या करारात पाण्याचे आकडे चांगल्या पावसाच्या वर्षांवरून धरले होते हे नंतर कळलं.

वेगळं काय करता आलं असतं

१८६५ बद्दल: सीमा कुठेय हे न बघता गाव वसवलं असं म्हणणं सोपं आहे. पण सीमा तेव्हा तिथे नव्हतीच, ती नंतर सरकवली. करता येण्यासारखं होतं ते १८६७ मध्ये, नेवाडाने हक्क सांगितल्याबरोबर वसाहतीने स्वतःच्या खर्चाने तात्पुरती मोजणी करून घ्यायची आणि कर कोणाला द्यायचा याचा लेखी जबाब मागून घ्यायचा. तीन वर्षं थकबाकी साठू दिली ती महागात पडली.

१८७१ बद्दल: सगळे किंवा कोणीच नाही अशी भूमिका घेतली गेली. पाच-सहा कुटुंबं बोनेलीबरोबर राहिली असती तर पाट चालू राहिले असते, दफनभूमीची आठवण राहिली असती. पण चर्चच्या शिस्तीतल्या लोकांना अर्धं गाव राहू दे आणि अर्धं जाऊ दे हे सुचणं अवघड. निदान निघताना दफनांची यादी, कोण कुठे, शेजारी काय खूण, एवढं एका वहीत उतरवून दोन प्रती केल्या असत्या तर १९३० च्या दशकात खणणाऱ्यांना फार मोठी मदत झाली असती. ही गोष्ट आजही कुठल्याही बुडीत गावात पहिल्या आठवड्यात होऊ शकते आणि तिला पैसे लागत नाहीत.

थडगी हलवण्याबद्दल: हलवली ते चूक असं मला वाटत नाही. पण जुन्या जागेची कुंपणासकट मोजणी करून ती नकाशावर ठेवायला हवी आणि उकरलेल्या प्रत्येक खड्ड्याला नंबर हवा, नाव असो वा नसो. तेच धरण, तेच खोरं, शेजारीच हॅरिंग्टनची पोरं प्युएब्लो घरांचे खड्डे मोजून कागदावर उतरवत होती, म्हणजे ते तंत्र तिथे हजर होतं. पायोनियरांच्या थडग्यांना पुरातत्त्वाची वही आणि प्युएब्लो लोकांना थडग्याचा मान, ही अदलाबदल झाली असती तर दोघांचंही भलं झालं असतं.

आणि आत्ताबद्दल: कोलोराडोच्या पाण्याचे २००७ मध्ये केलेले नियम २०२६ अखेर संपतायत आणि पुढचे काय असतील यावर ते पाणी वाटून घेणारी सातही राज्यं भांडतायत. सरोवर परत चढलं तर गाव परत जाईल, नाही चढलं तर झुडपं आणि पर्यटकांचे पाय पाये खातील. दोन्हीत जुन्या दफनभूमीची मूळ जागा तपासायची वेळ हीच आहे. जमिनीत रडार सोडून न खणता खड्ड्यांचे आकार दिसतात, हे काम अमेरिकेत जुन्या दफनभूम्यांमध्ये नेहमी करतात. गाळ किती जाड बसलाय त्यावर ते तिथे चालेल की नाही हे ठरेल. काही न सापडलं तर तेवढंच लिहून ठेवायचं. सापडलं तर मात्र परत तोच प्रश्न, हलवायचं की तिथेच ठेवायचं, आणि या वेळी ओव्हरटनच्या कुटुंबांबरोबर मोआपाच्या पायूट लोकांनाही त्या टेबलावर बसवावं लागेल, कारण आधी उकरल्याशिवाय ती दफनं कोणाची हे वरून कळणार नाही.